नाव सांगा, फोन लागेल

फोनला हार घातला, नारळ फुटला, पण नाव सांगताच फोन जोडणारं नवं सॉफ्टवेअर काही चालू होईना. दूध संघातली सगळी नावं जुन्या सर्व्हरवर होती आणि नव्याला ती वाचताच येईनात.

इंजिनिअर घाम पुसत कालिंदीबाईंकडे आला. "मॅडम, आजचे कॉल तुम्हीच जोडा. फक्त बोलू नका."

कालिंदीबाई बावीस वर्षं संघाच्या टेलिफोन ऑपरेटर. उद्यापासून त्यांची बदली गोदामात. त्यांनी हेडफोन चढवला.

संघाच्या अध्यक्षांनी सभेपुढे स्पीकर लावून म्हटलं, "कराड केंद्र." फोन लागला. टाळ्या पडल्या. अध्यक्षांना चेव आला. "आता आमच्या आईसाहेबांना लाव."

इंजिनिअरचा चेहरा उतरला. हे ठरलेलं नव्हतं. पण आज मंगळवार, आणि दर मंगळवारी आईसाहेब लेकीकडे विट्याला असतात, हे कालिंदीबाईंना ठाऊक होतं. त्यांनी विट्याचा नंबर फिरवला.

"हां, बोल," पलीकडून आईसाहेब म्हणाल्या.

अध्यक्ष सभेकडे वळले. "आई आज विट्याला आहे, तरी शोधून काढलं यानं. मध्ये माणूस लागतोच कशाला?"

"यानं कुठलं?" स्पीकर घुमला. "कालिंदीनं काढलं असेल. तिला सांग, तिच्या गुडघ्यासाठी तेल आणून ठेवलंय."