कड्यावरची पंगत

"ऊठ पोरी, वारा फिरलाय."

मेमे कर्चुंगनी दार वाजवलं तेव्हा बिनू राई बूट चढवूनच बसली होती. मेमे म्हणजे आजोबा. नेपाळातल्या मुस्तांगच्या त्या वस्तीत साठीची माणसंही त्यांना मेमेच म्हणत, आणि पाठ वळली की गिधाडवाला म्हातारा.

चुलीपाशी त्यांची सून यांगजिन लोण्याचा चहा ओतत होती. मेमे दुर्बीण आणायला आत गेले तशी ती हळूच म्हणाली, "दिदी, तुम्ही तरी सांगा यांना. पोट धरून बसतात, पण पोखऱ्याच्या डॉक्टरने दिलेल्या दुखण्यावरच्या गोळ्यांना हात लावतील तर शपथ. सगळा जीव त्या पक्ष्यांत. सासूबाई गेल्या तेव्हा आभाळात एक गिधाड नव्हतं, शेवटी त्यांना नदीकाठी मातीत पुरलं. तेव्हापासून हे असेच."

बिनूला म्हाताऱ्याची कीव आली. माणूस आपलं दुःख कशात ना कशात गुंतवतो, असं तिला वाटलं.

खरं तर हे वेड तिनेच लावलं होतं. गिधाडांच्या अभ्यासासाठी मागे काठमांडूहून येऊन तिने वस्तीला समजावलं होतं की, लंगड्या जनावराला दुखण्यावरची सुई टोचता, ते औषध मांसात उरतं. जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की गिधाडही जातं. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा प्यायला आणि विसरून गेले. मेमे मात्र विसरले नाहीत. दारोदार फिरून, शिव्या खाऊन आणि चार जास्तीच्या देऊन त्यांनी घराघरातल्या त्या औषधाच्या बाटल्या खड्ड्यात ओतायला लावल्या. गिधाडं परत येतील, हा त्यांचा शब्द होता. त्या शब्दावर वस्ती दोन हिवाळे गप्प बसली होती.

आता धीर सुटत चालला होता. वाटेत छेरिंग भेटला. त्याचाच म्हातारा याक मरून वर कड्यावर पडला होता.

"काय मेमे, येणार का आज पाहुणे? की माझ्या याकाचं मांस वाळवून आम्हीच खायचं?"

"तुझा याक चावायला तुला दात आहेत कुठे?"

छेरिंग हसला, पण लगेच गंभीर झाला. "मेमे, आजचा दिवस बघतो. माझी घोडी लंगडतेय. उद्या मी जोमसोमहून बाटली मागवणार, आणि मी आणली की सगळे आणतील."

मेमे पुढे निघाले. चढ लागला तसे ते थांबत थांबत चालू लागले. एका खडकाला टेकून त्यांनी डोळे मिटले, आणि बिनूला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसला. एवढ्या थंडीत घाम.

"फार दुखतंय?"

"चढ आहे."

"चढ मलाही आहे." तिने पिशवीतून स्वतःच्या गुडघ्यासाठी ठेवलेल्या गोळ्या काढल्या. "ही घ्या, तासाभरात बरं वाटेल."

मेमेंनी गोळी उन्हात धरून पाहिली. "हे तेच ना? जनावरांना टोचतात ते?"

"तेच. पण माणसाला चालतं."

"चालत असेल," म्हणत त्यांनी ती अंगरख्याच्या घडीत ठेवली आणि पुन्हा चालू लागले.

कड्यावर ती जुनी सपाट शिळा होती, जिथे वस्ती पूर्वी आपली मेलेली माणसं गिधाडांसाठी ठेवायची. तिच्या पलीकडे याक पडला होता. दोघं आडोशाला बसली. आभाळ निळं आणि कोरं. एक ठिपका दिसला तसं बिनूने बोट दाखवलं.

"तो हाडं खाणारा," दुर्बीण न लावताच मेमे म्हणाले. "एकटा फिरतो. आपले घोळक्याने येतात."

ऊन वर आलं. खाली छपरांवर माणसं जमली होती आणि सगळ्यांची तोंडं वर. बिनूची मान अवघडली. हात टेकायची वेळ आली, असं तिच्या मनात आलं तेवढ्यात मेमेंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

उत्तरेच्या खिंडीतून एक आला. पंख न हलवता, सावकाश. त्याच्यामागे दुसरा, मग तिघं एकदम, मग तिने मोजणं सोडून दिलं. डोक्यावर रिंगण फिरू लागलं. रुंद पंखांच्या सावल्या शिळेवरून सरकत होत्या, आणि खालून वस्तीचा गलका ऐकू येत होता. पहिलं गिधाड पाय पुढे टाकत धप्पकन उतरलं. मग सगळीच उतरली, आणि भांडत, ढकलत पंगत बसली.

बिनू हसत होती, रडत होती, आणि आपण मेमेंच्या गळ्यात पडलोय हे तिला उशिरा कळलं. छेरिंग धापा टाकत वर आला, त्याने आधी गिधाडांकडे आणि मग मेमेंकडे पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढली.

"नाही आणत बाटली," तो म्हणाला. "घोडीला शेक देतो."

मेमेंचा चेहरा पोरासारखा उजळला होता. तसेच ते पोट धरून वाकले.

"बास झालं आता," बिनूने दटावलं. "आले ना तुमचे पक्षी? गोळी घ्या."

मेमेंनी घडीतून गोळी काढली आणि तिच्याच तळहातावर ठेवून तिची मूठ मिटली.

"आता तर मुळीच नको. इतक्या लांबून आले बिचारे. त्यांच्या ताटात विष वाढू?"

"अहो मेमे, याकाला कुणी सुई टोचलेली नाही. त्यांचं ताट स्वच्छ आहे."

"या पंगतीचं कुठे म्हणतोय मी," मेमे समाधानाने हसले आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या पंगतीचं म्हणतोय."