घर दाखवायचा शनिवार

"हे चित्र इतकं खाली कशाला टांगलंय?" बेव्हने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ते उचललं.

मागे भिंतीला भोक होतं. मुठीएवढं.

नॅरेल श्वास रोखून उभी राहिली. तिच्या पाठीमागे तिचा नवरा ग्लेन होता. "कपाट हलवताना लागलं," तो म्हणाला. बेव्ह घरं विकून देणारी बाई. साठीची, गळ्यात चष्मा लोंबणारी. तिने भोकाकडे पाहिलं, नॅरेलकडे पाहिलं आणि चित्र परत अडकवलं.

"शनिवारच्या आत भरून, वरून रंग मारून घ्या. गिऱ्हाईक असलं काही बघितलं की किंमत पाडतं."

एवढंच. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुणा परक्या माणसाने ते भोक पाहिलं होतं, आणि त्या बाईला त्यात फक्त किंमत दिसली होती.

ऑस्ट्रेलियातल्या मॅकाय गावातलं त्यांचं घर उंच खांबांवर होतं. खाली ग्लेन गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा. वर नॅरेल कुठल्या खोलीत चालते आहे, ते त्याला खालून ऐकू यायचं. गाडीची किल्ली त्याच्या खिशात असायची. आता त्याला गावही नको झालं होतं. समुद्रापासून दूर आत, रखरखीत मुलखात, त्याने गुरांचं एक जुनं रान हेरून ठेवलं होतं. "शेजारी नाहीत, नाक खुपसणारं कुणी नाही," तो खुशीत सांगायचा. तिथे हाक मारली तर ती कुठवर जाईल, याचा अंदाज नॅरेलने मनातल्या मनात कधीच घेतला होता.

आणि तरी घर तिलाच सजवावं लागत होतं. ती भोकं भरत होती, घासून गुळगुळीत करत होती, रंगवत होती. प्रत्येक हातासरशी ते रान जवळ येत होतं.

बेव्ह रोज यायची आणि तिला फैलावर घ्यायची.

"तुझी एकही वस्तू दिसता कामा नये. कपाटं भरलेली असली की खोल्या लहान वाटतात. कपडे काढ. पासपोर्ट, दाखले, औषधं, सगळं एका बॅगेत घाल. लोक खण उघडून बघतात, बाई! आणि ती बॅग दाराशी ठेव, माझ्या नजरेसमोर."

"तिला दहादा सांगावं लागतं," ग्लेन म्हणाला. "डोकं वापरायची सवय नाही तिला."

"दिसतंच आहे," बेव्ह म्हणाली, आणि दोघं हसले.

माळ्यावरची मोठी बॅग ग्लेननेच खाली काढून दिली. दारावर 'घर विकणे आहे' अशी पाटी लावायला मात्र त्याने नकार दिला. अख्ख्या गावाने घरातून फिरलेलं त्याला चालणार नव्हतं. बेव्हने मान डोलावली. "बरोबर आहे तुमचं. मी निवडक गिऱ्हाईकं आणते."

शनिवारी सकाळी साखर कारखान्याच्या मळीचा वास घरभर भरला होता. बेव्हने आल्या आल्या नाक मुरडलं. "काहीतरी भाज आधी. स्कोनचे छोटे पाव चालतील. ताज्या भाजल्याच्या वासाला गिऱ्हाईक भुलतं." मग ती ग्लेनकडे वळली. "तुम्ही माझ्या ऑफिसात जाऊन बसा. ब्रिस्बेनचा एक जण फोनवर थेट सौदा करणार आहे. पैशाचं बोलणं पुरुषानेच केलेलं बरं."

"आणि ही?"

"ओव्हनकडे कोण बघणार? तुम्ही?"

ग्लेन हसला. त्याने टेबलावरचा नॅरेलचा फोन उचलून खिशात टाकला. जाता जाता तिच्या कानाशी वाकला. "कुणाशी बोलायचं नाही. नुसतं हसायचं. कळलं?"

तिने मान हलवली.

बेव्ह खिडकीशी जाऊन उभी राहिली. त्याची गाडी ऊस वाहणाऱ्या गाड्यांच्या रुळांपलीकडे वळेपर्यंत ती हलली नाही. मग तिने पडदा दोनदा ओढला. समोरच्या गल्लीतून एक पांढरी व्हॅन निघाली आणि उलटी येत पायऱ्यांना टेकली. दोन बायका उतरल्या. नॅरेल तोंडावर हसू आणून दारात उभी राहिली. त्यांनी घराकडे पाहिलंसुद्धा नाही. एकीने दाराजवळची बॅग उचलली.

"अहो, ती विकायची नाहीये!"

"तुझीच ना?" ती बाई हळू आवाजात म्हणाली. "पायात चपला घाल आणि चल. या गावाबाहेर तुझ्यासारख्या बायकांसाठी आमचं एक घर आहे. त्याचा पत्ता कुणालाच देत नाही आम्ही. बेव्हलाही ठाऊक नाही. तुला यायचं नसेल तर बॅग परत ठेवते. पण आत्ता सांग."

नॅरेलने बेव्हकडे पाहिलं. आठवडाभर तिच्यावर ओरडणाऱ्या बाईची हनुवटी थरथरत होती.

"तो येईल," नॅरेल कशीबशी म्हणाली. "त्याला संशय आला तर—"

"फोनची वाट बघत बसेल तो," बेव्ह म्हणाली. "माझी बहीण आहे ऑफिसात, ती त्याला कॉफीवर कॉफी पाजेल. पण जा आता. जा, पोरी."

नॅरेलने ओव्हन बंद केला. हात कशाला पुसावेत ते तिला सुचेना, म्हणून तिने ते स्वतःच्या फ्रॉकलाच पुसले. ती पायऱ्या उतरली आणि व्हॅनमध्ये बसली. दार लागणार एवढ्यात तिने घाबरून बाहेर डोकं काढलं. इतक्या दिवसांची धास्ती जिभेवरून काही केल्या सुटत नव्हती.

"बेव्ह, ती गिऱ्हाईकं! आत्ता येतील ती. घरात कुणी दिसलं नाही तर काय म्हणतील?"

"कुणी येणार नाही," बेव्ह म्हणाली. "हे घर विकायला निघालंय, हे अख्ख्या मॅकायमध्ये एकट्या तुझ्या नवऱ्यालाच ठाऊक आहे."