पाठमोरी खुर्ची

दार उघडलं नाही.

आईचं काम करणाऱ्या मुलीनं कडी काढली, मूठ धरली आणि ओढली. दार जागचं हललं नाही. पलीकडे तिचा मुलगा उभा होता, बारा वर्षांनी घरी परतलेला. म्हणजे दहावीतलाच एक उंच पोरगा, खांद्याला पिशवी अडकवून. नाटकाच्या वहीत तिचं पुढचं वाक्य एका शब्दाचं होतं : "आलास?" पण दारच उघडत नाही तर ते म्हणायचं कुणाला?

विंगेत सर उभे होते. नाटक त्यांनीच लिहिलं होतं, बसवलंही त्यांनीच. वहीवरून फिरणारं त्यांचं बोट त्या एका शब्दावर अडकून पडलं.

"काल तर उघडत होतं," ते कुजबुजले.

"काल रंगाचा एकच हात होता सर," शेजारची सुतारीण म्हणाली. होती नववीतली, पण दार तिनं स्वतःच्या हातानं ठोकलं होतं, त्यामुळे सगळी शाळा तिला याच नावानं हाक मारायची. "दुसरा हात आज सकाळी दिला. चौकटीला चिकटलं असणार."

मुलीनं पुन्हा ओढलं. चौकट हलली, रंगवलेली भिंत हलली, भिंतीवरचं घड्याळ तिरकं झालं. दार तसंच. पलीकडच्या पोराला काही सुचेना. त्यानं आपली आणखी एक हाक मारली, "आई, दार उघड ना!"

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. मागच्या रांगेतून आवाज आला, "चावीवाल्याला बोलवा रे!" मग सगळेच हसले. शिक्षकांच्या रांगेतही दोघांनी तोंडावर रुमाल धरले.

मुलीचे कान लालबुंद झाले. केसांना चोपडलेली पांढरी पावडर घामाबरोबर कपाळावर उतरली. पण तिनं प्रेक्षकांकडे पाहिलं नाही. तीन महिने सरांनी हेच घोटून घेतलं होतं : काही का होईना, घरातून बाहेर बघायचं नाही. तिनं एक पाय चौकटीला लावला आणि मूठ दोन्ही हातांनी धरली.

"पडदा पाड," सर म्हणाले. "पोरीची शोभा होतेय."

पडद्याची दोरी सुतारिणीकडे होती. तिनं मनगटाला दोरीचा आणखी एक वेढा घेतला.

"अगं, पाडतेस का?"

"नाही सर. ती ओढतेय अजून."

रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी, वडील बसले होते. दाराकडे पाठ, हातात वर्तमानपत्र. ते काम करणाऱ्या मुलाला शेवटच्या प्रवेशात एकही वाक्य नव्हतं. वहीत लिहिलं होतं : 'वडील पाठमोरे बसून राहतात. पडदा.' तालमीत त्यानं दहादा विचारलं होतं, "सर, हा माणूस उठतच नाही का?" सरांनी दहाही वेळा सांगितलं होतं, "नाही उठत. काही माणसं नाही उठत."

आता त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली. खुर्चीच्या हातावर ठेवली. आणि तो उठला.

"ए, बस! बस खाली!" सर विंगेतून दबक्या आवाजात ओरडले.

त्याला ते ऐकू गेलं असावं. तो थांबला नाही. धावलाही नाही. सरांनीच शिकवलेला म्हातारा होता तो. डावा गुडघा हातानं सांभाळत, एकेक पाऊल टाकत, अख्खा रंगमंच ओलांडून दारापाशी आला. तोवर हसणं कुठल्या कुठे गेलं होतं.

त्यानं बायकोकडे पाहिलं नाही. दाराच्या वरच्या फटीत बोटं रोवली, अंगाचा भार मागे टाकला आणि दाराकडे तोंड करून म्हणाला,

"ढकल तिकडून."

पलीकडून एकच शब्द आला, वहीत कुठेच नसलेला.

"बाबा?"

"ढकल म्हणतो ना!"

कडकन रंग सुटला. दार एवढ्या जोरात आत आलं की तिघंही एकमेकांवर आदळली. मुलीनं पोराच्या पिशवीचा पट्टा धरून तोल सावरला. तिला धाप लागली होती.

"आलास?" ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. सुतारिणीनं मनगटावरचा वेढा सोडला आणि पडदा सावकाश खाली येऊ दिला.

टाळ्या चालू असतानाच सर आत शिरले. वडील झालेला मुलगा ट्रंकेवर बसून बोटांवर फुंकर घालत होता. एक नख मुळापासून उचकटलं होतं. सरांना बघून तो उभा राहिला.

"तुला उठायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही सर."

"नाटकाचा शेवटच बदललास तू. कळतंय का तुला?"

"कळतंय." त्यानं दुखरं बोट मुठीत धरलं. "पण दार उघडत नव्हतं सर. आणि आई एकटीच ओढत होती."

सरांनी रुमाल काढला, मुलाचा हात पुढे ओढला आणि बोटाला घट्ट गुंडाळला. तेवढ्यात सुतारीण रंधा घेऊन आली.

"सर, उद्याच्या प्रयोगाला पालक येणार आहेत. दाराची कड तासून घेते. एका बोटानं उघडेल."

"तास," सर म्हणाले. रुमालाची गाठ मारून झाली तरी त्यांनी मुलाचा हात सोडला नव्हता.

"आणि उद्या तुझी खुर्ची दाराजवळ घेऊ," ते त्याला म्हणाले. "फार लांबून यावं लागलं तुला."