वापरातलं नाव

टेलरबाईंनी कोर्टाचा कागद पासपोर्ट ऑफिसच्या खिडकीतून आत सरकवला. नवऱ्याचं नाव-आडनाव काढून त्यांनी पुन्हा माहेरचं लावलं होतं.

कारकुनाने जुना पासपोर्ट चाळला. "तीस वर्षं एक नाव, आणि या वयात हे खूळ? नवं नाव वापरात असल्याचा पुरावा लागेल. दुकानाची पाटी, पावती, काहीतरी."

"त्यावर सगळीकडे नवऱ्याचंच आहे."

"मग निघा."

बाई जागच्या हलल्या नाहीत. "तुमच्या अंगातला कोट आमच्या दुकानातला. आतला खिसा उलटा करून बघा."

त्याने वैतागून खिसा बाहेर ओढला. शिवणीलगत, बारीक टाक्यांत, बाईंचं माहेरचं नाव होतं.

"तीस वर्षांत एकही कोट या नावाशिवाय बाहेर पडलेला नाही," बाई म्हणाल्या. "पुरावा कमी पडत असेल, तर आत बसलेल्या तुमच्या साहेबांनाही कोट काढायला सांगा."