उजव्या हाताचा मोजा

अबे आयका तं, आमच्या घरी काय झालं! देवमनदादा लडाखले पलटनीत हाय ना, त्याच्यासाठी मायनं लोकरीचे हातमोजे इनले. दादाचा हात बाबासारखाच, म्हनून माप बाबाच्या हातावर घेतलं. एकेक बोट मोजून मोजून इनलं आन् पार्सल धाडून देल्लं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या बेबीताईनं इचारलं, "काहो सुंदराबाई, माप कोनाचं घेतलं?"

"याईचं," मायनं बाबाकडे पाह्यलं आन् कपाळावर हातच मारला. बाबाची उजवी करंगळी जिनिंगच्या मशिनीत तुटलेली. मायले इतक्या वर्साची सवय, तिच्या ध्यानातच आलं नाही. उजव्या मोज्याले तिनं अंगठा धरून चारच बोटं इनले होते!

मंग महिनाभर मायचं एकच, "पोराले समदी पलटन हासन वो बाई!"

आज दादाचं पत्र आलं. म्याच वाचून दाखवलं, "माय, दुसरे मोजे धाडू नको. लोकर तानते, एका बोटाच्या जागी दोन मावतात. लोकं इचारतात, एक बोट कमी काहून? मी सांगतो, हा माह्या बाबाचा हात हाय. याच हातानं मले मॅट्रिक केलं."

आन् बाबा? आजवर तो हात धोतराच्या सोग्यात लपवत होते. आता दारात बसून येनाऱ्या-जानाऱ्याले तोच हात उचलून जयभीम करून राहिले!