तीन गोल, एक चौकोन

डॉक्टरबाईंनी कोऱ्या कागदावर पेन्सिलीने घराणं मांडायला घेतलं. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, आजारी असेल तो काळा. सगळ्यात खाली एकच काळा चौकोन होता. त्या चौकोनाचा मालक, वय वर्षं चार, सहाव्या न्यूमोनियातून उठून काचेपलीकडच्या खोलीत भिंतीवर मोटार चढवत होता.

"रक्तातली ही खोट आईच्या बाजूने येते," डॉक्टर म्हणाल्या. तसा मुलाचा बाप खुर्चीत जरा ऐसपैस बसला.

नवं औषध संशोधनाच्या अभ्यासात घेतलेल्या मुलांनाच मिळणार होतं, आणि अभ्यासाला घरातला एकच आजारी मुलगा पुरत नव्हता. एकाला योगायोग म्हणतात. दोन झाले की विज्ञान सुरू होतं.

"दुसरा आणू कुठून?" मुलाची आई म्हणाली. "आम्ही तिघी बहिणी. बल्ब बदलायलासुद्धा शेजारचा मुलगा उसना आणायचो."

"तरी विचारते. आजी, तुम्हाला मुलं किती?"

"तीन मुली," शेजारी बसलेल्या तिच्या आई म्हणाल्या. शाळेच्या अर्जापासून शिरगणतीपर्यंत सगळीकडे त्यांनी हेच उत्तर दिलं होतं.

डॉक्टरांनी तीन गोल काढले आणि फाईल मिटायला घेतली.

"यांच्याआधी एक," आजी म्हणाल्या.

लेक वळली. "एक काय, आई?"

"मुलगा. सारखा ताप यायचा, कान वाहायचे. अकराव्या महिन्यात गेला." आजी हातातल्या पिशवीचा बंद पिळत होत्या. "माझंच दूध बाधलं, म्हणाले सगळे. तुझे बाबा म्हणाले, पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. नाही काढलं."

"अगं, पण मला तरी सांगायचंस!"

"तू कधी विचारलंस?"

डॉक्टरांचा चेहरा उजळला. दुसऱ्याच्या बाळाच्या मरणाने असं उजळणं बरं दिसत नाही, हे ध्यानात येताच त्यांनी तो पुन्हा गंभीर केला. "दूध नव्हतं बाधलं, आजी," त्या म्हणाल्या. "आणि आता नातवाला अभ्यासात घेता येईल."

लेकीने डोळ्यांना रुमाल लावला. जावयाने कधी नव्हे ते सासूबाईंपुढे पाण्याचा पेला सरकवला. आजींचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. डॉक्टर तीन गोलांच्या आधी एक चौकोन काढून तो सावकाश काळा करत होत्या. आजी चष्मा लावून वाकल्या. चौकोन नखाएवढा होता. बहिणींच्या रांगेत सगळ्यात पुढे, थोरल्याच्या जागी.

मग डॉक्टरांनी पेन्सिल तिरकी धरली.

"आता काय करता?"

"जे हयात नाहीत त्यांच्यावर रेघ मारावी लागते, आजी. पद्धत आहे तशी."

आजींनी चौकोनावर बोट ठेवलं.

"मारा. पण जरा दमाने," त्या म्हणाल्या. "आत्ताच तर आलाय."