डोक्यातून काढलेलं पुस्तक

"चंद्रावरच्या विहिरी तुमच्या नाहीत, मॅडम," मौलिकता कार्यालयातले पाखरे म्हणाले. "यंत्र सांगतंय, सहावीत वाचलेल्या एका कादंबरीतून आल्यात."

"मग? ती वाचूनच तर मी लिहायला लागले!" कुमुदिनी सबनीस भडकल्या. सात वर्षं खपून त्यांनी चंद्रावरच्या विहिरींची स्वतःची कादंबरी पुरी केली होती.

"प्रभाव सापडला की छापायला परवानगी नाही. पण घाबरू नका. ते पुस्तक तेवढं डोक्यातून काढतो, दहा मिनिटांचं काम."

"दुसऱ्या कशाला धक्का लागणार नाही ना?"

"छे हो! रोज दहा लेखक साफ करतो मी."

धुसफुसत का होईना, बाईंनी यंत्राला जोडलेलं हेल्मेट डोक्यावर चढवून घेतलं. दहा मिनिटांनी यंत्राने त्यांना शंभर टक्के मौलिक ठरवलं. पाखऱ्यांनी खूश होऊन हस्तलिखितावर शिक्का हाणला आणि ते पुढे सरकवलं.

"आता लेखिका म्हणून इथे सही करा."

कुमुदिनीबाईंनी दोन पानं चाळली आणि त्या पाखऱ्यांवर उखडल्या.

"अहो, मी शिवणाचे क्लास घेते! मी कशाला असल्या गोष्टी लिहायला जाईन? ज्याने लिहिलंय, त्याला बोलवा आणि त्याची सही घ्या!"